खाटेजवळची सोनोग्राफी आणि कुटुंबवैद्याचे शिक्षण

महोत्सवी वर्षात सभासदांच्या मनात दानाचे विचार यावेत हे स्वाभाविक आहे. कोणी शाळेला कपाट देतो, कोणी वसतिगृहाची खोली बांधून देतो. अलीकडे असेही विचारले जाते की, दवाखान्याला सोनोग्राफीचे यंत्र दिले तर कसे? यंत्र डोळ्यांना दिसते, त्यावर देणगीदाराच्या वडिलांचे नाव कोरता येते, आणि गोरगरिबांची सोय होते. हेतू उत्तमच आहे. परंतु यंत्रामागे एक गोष्ट लागते, तिच्यावर नाव कोरता येत नाही, म्हणून ती सहसा राहून जाते. ती गोष्ट म्हणजे ते यंत्र हाती धरणाऱ्या डॉक्टरचे शिक्षण. या लेखात आम्ही त्याच शिक्षणाचा विचार वाचकांपुढे मांडणार आहोत. वाचकांपैकी बहुतेक जण वैद्यक व्यवसायातले नाहीत हे ध्यानात ठेवून प्रथम यंत्राची थोडी ओळख करून देतो.

१. कानापासून डोळ्यापर्यंत

बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. आवाजावरून मडके पक्के की चिरलेले हे कळते. ऑस्ट्रियातील लिओपोल्ड ऑएनब्रुगर या वैद्याचे वडील खाणावळवाले होते. पिंपात दारू कोठपर्यंत भरली आहे हे पिंप ठोकून ओळखण्याची रीत त्याला घरातच माहीत झाली होती. तीच रीत त्याने रोग्याच्या छातीवर चालवली आणि १७६१ साली त्यावर पुस्तक लिहिले. छातीत पाणी झाले असेल तर आवाज बद्द येतो, हे आजही प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी शिकतो. पुढे १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी करून छातीला लावली आणि त्यातून स्टेथास्कोप जन्मास आला. म्हणजे सुमारे दोनशे वर्षे आपला डॉक्टर बोटाने ठोकून आणि नळीने ऐकून शरीराच्या आतले अनुमान करीत आला आहे.

सोनोग्राफी ही याच मार्गावरची पुढची पायरी होय. १८८० साली झाक आणि प्येअर क्युरी या बंधूंना आढळले की, काही स्फटिक दाबले असता त्यांत वीज उत्पन्न होते. वीज दिली असता असा स्फटिक थरथरतो, हेही लवकरच सिद्ध झाले. असा स्फटिक अतिशय जलद थरथरवला म्हणजे मनुष्याच्या कानाला न ऐकू येणारा ध्वनी निघतो. आपला कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. पोटाच्या तपासणीत वापरला जाणारा ध्वनी सेकंदाला २० ते ५० लाख कंपनांचा असतो. पहिल्या महायुद्धात लाँजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाण्याखालच्या पाणबुड्या शोधण्यासाठी या ध्वनीचा उपयोग करण्याचे प्रयत्न केले. पुढे कारखान्यांत लोखंडातली चीर शोधण्यासाठी तो वापरला जाऊ लागला. ग्लासगो येथील स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी एका बॉयलर कारखान्यात नेऊन अशाच यंत्राखाली धरून पाहिल्या. इंजिनियर टॉम ब्राऊन आणि डॉ. जॉन मॅकव्हिकर यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध जून १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आजच्या सोनोग्राफीचा पाया तो.

यंत्राचे काम साधे आहे. ध्वनी आत जातो, अवयवावर आपटून परत येतो, आणि परत यायला किती वेळ लागला यावरून खोली कळते. शरीराच्या मऊ भागात ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. साडेसात सेंटिमीटरहून किंचित अधिक खोल असलेल्या वस्तूचा प्रतिध्वनी परत यायला एका सेकंदाचा दहाहजारावा भाग पुरतो. अशा हजारो प्रतिध्वनींचे ठिपके जुळवून पडद्यावर चित्र उमटते. पाणी, लघवी आणि साकळलेले नसलेले रक्त काळे दिसते. मूतखडा पांढरा चमकतो आणि त्याच्यामागे सावली पडते. हवा मात्र ध्वनीला पुढे जाऊ देत नाही. म्हणून कातडी आणि यंत्र यांच्यामध्ये हवा राहू नये यासाठी थंडगार जेल लावतात. त्यात औषध नसते, हे येथे सांगून ठेवतो, कारण जेलमुळेच बरे वाटले असे म्हणणारे लोक आढळतात.

२. दोन प्रकारची तपासणी

रेडिऑलॉजिस्ट जी सोनोग्राफी करतो ती संपूर्ण तपासणी असते. यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, मूत्रपिंडे असे एकेक अवयव तो क्रमाने पाहतो, मोजतो आणि अहवाल लिहितो. त्यासाठी त्याने एम.बी.बी.एस. नंतर आणखी काही वर्षे अभ्यास केलेला असतो.

खाटेजवळची सोनोग्राफी याहून वेगळी. येथे रोग्याला तपासणारा डॉक्टर, त्याच वेळी, खाटेपाशीच, एकच ठराविक प्रश्न यंत्राला विचारतो. त्या प्रश्नाचे उत्तर शक्य तो ‘होय’ किंवा ‘नाही’ असे असावे लागते. उदाहरणे पाहू. एक वृद्ध गृहस्थ रात्रीपासून तळमळत आहेत, लघवी झालेली नाही. मूत्राशय तुडुंब भरले आहे की मूत्रपिंडांतच लघवी तयार होत नाही? पहिल्या स्थितीत नळी घालायची, दुसऱ्या स्थितीत ताबडतोब मोठ्या दवाखान्यात पाठवायचे. ट्रॅक्टरवरून पडलेल्या तरुणाचे पोट दुखत आहे. पोटात रक्त साचले आहे काय? एका बाईला धाप लागली आहे. छातीत पाणी झाले आहे की फुप्फुसे हृदयाच्या दुर्बलतेमुळे ओली झाली आहेत? एका माणसाचा एकच पाय सुजला आहे. मांडीतली शीर वरून दाबली असता मिटते की गुठळीमुळे मिटत नाही?

फुप्फुसात हवा असल्याने तेथे ध्वनीचा उपयोग नाही, असेच पूर्वी मानत. फ्रान्समधील डॉ. डॅनियल लिश्टेनस्टाईन यांनी पडद्यावरच्या त्या निरुपयोगी वाटणाऱ्या रेषांचाच अभ्यास केला, आणि २००८ साली धाप लागलेल्या रोग्यासाठी काही मिनिटांत करता येईल अशी पद्धत प्रसिद्ध केली. सांगायचे एवढेच की यंत्र तेच होते. पाहणाऱ्याचे शिक्षण बदलले.

आपल्या जुळ्या शहरांच्या भोवती या प्रश्नांचे महत्त्व अधिक आहे. कलघटगी, कुंदगोळ, नवलगुंद, अळणावर या बाजूंचा रोगी हुबळीच्या किंवा धारवाडच्या मोठ्या दवाखान्यात पोचायला गाडी मिळवण्यापासून धरले तर कधी कधी अर्धा दिवस जातो. कोणाला आत्ताच पाठवायचे, कोणाला उद्या सकाळी पाठवले तरी चालेल आणि कोणाला पाठवण्याची गरजच नाही, हे गावातला डॉक्टर ठरवतो. त्याचा निर्णय चुकला तर एकीकडे जीव जातो आणि दुसरीकडे मजुराची रोजंदारी विनाकारण बुडते.

३. काय शिकावे लागते

यंत्र घेतले की झाले, ही समजूत तंबोरा घेतला की गाणे आले असे म्हणण्यासारखी आहे. आणि धारवाडच्या लोकांना तरी हे अधिक समजावून सांगायला नको. आमच्या मते कुटुंबवैद्याच्या शिक्षणाचे पाच भाग पडतात.

पहिला भाग प्रश्नाचा. कोणत्या रोग्याला यंत्र लावायचे आणि कोणाला नाही, हे आधी कळले पाहिजे. नीट विचारपूस व हाताने तपासणी केल्यावाचून यंत्र लावणारा डॉक्टर गोंधळात पडतो.

दुसरा भाग हाताचा. प्रोब कोठे ठेवायचा, किती तिरका करायचा, किती दाब द्यायचा, हे पुस्तकातून येत नाही. दोन अंश हात वळला की मूत्रपिंड पडद्यावरून नाहीसे होते. स्थूल माणूस, पोटात वायू धरलेला माणूस, रडणारे मूल, प्रत्येकाची अडचण निराळी.

तिसरा भाग डोळ्याचा. पडद्यावर दिसणारे सर्वच खरे नसते. काही आकृती ध्वनीच्या खेळातून उत्पन्न होतात. पित्ताशयातला खडा आणि आतड्यातला वायू हे दोन्ही नवशिक्याला सारखेच चमकताना दिसतात.

चौथा भाग निर्णयाचा. चित्र दिसले, पुढे काय? चित्राने उपचार बदलत नसेल तर ते काढण्यात रोग्याचा वेळच गेला.

पाचवा भाग मर्यादेचा, आणि आम्ही त्याला सर्वांत मोठे स्थान देतो. अपघातानंतर लगेच पाहिले तर थोडे रक्त पडद्यावर दिसत नाही. ते तासाभराने वाढते. म्हणून ‘दिसले नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही. नीट न शिकलेल्या डॉक्टरच्या हाती यंत्राचा सर्वांत मोठा धोका हा खोट्या दिलाशाचा आहे. यंत्र नसते तर ज्याने रोग्याला पुढे पाठवले असते, तो यंत्रावर विसंबून त्याला घरी पाठवतो.

हे सारे किती दिवसांत येते? अमेरिकेतील आकस्मिक रुग्णसेवेच्या डॉक्टरांच्या संघटनेने प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी २५ ते ५० तपासण्या जाणत्याच्या नजरेखाली कराव्यात असे मार्गदर्शन केले आहे. येथे ‘प्रत्येक प्रकारच्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मूत्राशय पाहता आले म्हणून हृदय पाहता येते असे नाही. शनिवार-रविवारच्या शिबिरात व्याख्याने होतात, प्रमाणपत्र मिळते, उत्साह येतो. पण हात तयार होतो तो पुढच्या काही महिन्यांत, कोणी तरी जाणता माणूस काढलेली चित्रे पुन्हा तपासून ‘हे बरोबर, हे चूक’ असे सांगत राहिला तरच.

४. कायद्याची बाजू

परदेशात डॉक्टर मोबाईल फोनला जोडता येणारा प्रोब खिशात घालून फिरतो, मग आपल्याकडे का नाही, असे तरुण मंडळी विचारतात. याचे उत्तर आपल्या समाजानेच लिहून ठेवले आहे. गर्भातील मुलगी ओळखून तिला नाहीशी करण्यासाठी हे यंत्र वापरले गेले. याविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. त्यानंतर १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. तो नीट अमलात येत नाही म्हणून सेहत, पुण्याकडची मासूम ही संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. आणि २००३ पासून सुधारलेला, अधिक कडक कायदा लागू झाला. एवढे होऊनही २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली ८९४ भरल्या. २००१ साली त्या ९१३ होत्या. कर्नाटकात हा आकडा २००१ साली ९४६ आणि २०११ साली ९४८ होता. दोन्ही राज्यांशी नाते असलेल्या आपल्या कुटुंबांनी हे आकडे वाचताना मान खाली घालावी, अशीच ही गोष्ट आहे.

या कायद्यामुळे यंत्र ठेवण्याच्या जागेची नोंदणी लागते, यंत्र विकणाऱ्याला नोंदणी नसलेल्यास ते विकता येत नाही, आणि हातात मावणारे यंत्रही डॉक्टरला आपल्या मर्जीने घरोघर नेता येत नाही. गर्भवतीच्या प्रत्येक तपासणीसाठी ‘एफ’ नमुना भरावा लागतो. गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही रीतीने सांगणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला डॉक्टरला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि विचारणाऱ्या नातेवाइकालाही शिक्षा आहे.

शिक्षणाचा प्रश्न येथेच कायद्याला येऊन मिळतो. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने नियम केले की, एम.बी.बी.एस. डॉक्टरला पोटाची व गर्भाशयाची सोनोग्राफी करायची असेल तर मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांचे, ३०० तासांचे शिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागेल. यावर वाद झाला. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या नियमांतील महत्त्वाचा भाग रद्द ठरवला, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. काही डॉक्टर म्हणतात की छातीतले पाणी पाहायला एवढा खटाटोप कशाला? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या तपासणीत गर्भाशयाचा संबंधच नाही तिचे शिक्षण निराळे आखता येईल. परंतु कायदा सैल करा, असे म्हणण्याचा अधिकार आपल्या समाजाला अद्याप प्राप्त झालेला नाही. यंत्र सर्वत्र पोचावे आणि मुलगीही सुरक्षित राहावी, या दोन्ही गोष्टी हव्या असतील तर कायद्याचे शिक्षण हे यंत्राच्या शिक्षणाचाच भाग मानले पाहिजे.

५. दोन अनुभव

यंत्र आणि थोडे शिक्षण दिले म्हणजे लोकांचे प्राण वाचतात काय, याची एक मोठी परीक्षा काँगो, ग्वाटेमाला, केनिया, पाकिस्तान आणि झांबिया या पाच देशांत घेण्यात आली. खेड्यांतल्या आरोग्यसेवकांना सोनोग्राफी शिकवली, यंत्रे दिली, आणि गर्भवतींची तपासणी करून अडचण दिसल्यास पुढे पाठवण्याची व्यवस्था केली. २०१८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, माता व अर्भकांचे मृत्यू कमी झाले नाहीत, आणि दवाखान्यातील बाळंतपणेही वाढली नाहीत. सेवक तपासणी करायला शिकले होते. पण नुसत्या तपासणीने रस्ता, गाडी, रक्त आणि शस्त्रक्रियेची सोय निर्माण होत नाही.

दुसरा अनुभव आपल्या गडचिरोलीचा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातल्या स्त्रियांना नवजात बालकाची काळजी घरच्या घरी घ्यायला शिकवले. साधने अगदी साधी होती. बाळाचे श्वास मोजण्यासाठी मणी सरकवण्याचे उपकरण, थर्मामीटर, वजनकाटा. पण प्रत्येक स्त्रीला पायरीपायरीने शिकवले, तिच्या कामावर सतत देखरेख ठेवली, आणि आजारी बाळ दिसले तर काय करायचे हे ठरवून उपचारही तिच्या हाती दिला. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. हे काम सोनोग्राफीचे नव्हते. तरी आपल्या विषयाला यातून धडा मिळतो. साधन लहान असो की मोठे, ते फळ देते ते शिक्षण, देखरेख आणि पुढचा उपचार ही तिन्ही सोबत असतील तरच.

६. आपल्याला काय करता येईल

भोर समितीने १९४६ साली खेड्यापर्यंत आरोग्यकेंद्रे न्यावीत असे सांगितले. सपाटीवरच्या ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्यकेंद्र असावे असे आज प्रमाण आहे. शहरी वस्त्यांसाठी कर्नाटकात डिसेंबर २०२२ मध्ये ‘नम्म क्लिनिक’ योजना सुरू झाली, तिचा शुभारंभ आपल्या हुबळीतच झाला. शिकवणाऱ्यांचीही येथे वाण नाही. लोक ज्याला किम्स म्हणून ओळखतात ते सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९५७ पासून हुबळीत आहे, आणि सत्तूरला एस.डी.एम. वैद्यकीय महाविद्यालय २००३ पासून आहे. रोगी आहेत, गुरू आहेत, शिकू इच्छिणारे डॉक्टरही आहेत. या तिघांना जोडणारा दुवा मात्र हवा, आणि धर्मादाय संस्थेचे खरे काम येथेच सुरू होते.

कुटुंबवैद्याची मुख्य अडचण बुद्धीची नसून वेळेची असते. तो शिकायला गेला की दवाखाना बंद पडतो, त्या दिवसाचे उत्पन्न बुडते आणि नेहमीचे रोगी दुसरीकडे जातात. म्हणून आमची पहिली सूचना अशी की, डॉक्टर शिकत असताना त्याच्या दवाखान्यात बसणाऱ्या बदली डॉक्टरचे मानधन ट्रस्टने द्यावे. दुसरी सूचना, शिक्षणाची फी द्यावी, पण परतफेड म्हणून त्या डॉक्टरने ठराविक दिवस धर्मादाय दवाखान्यात बसावे. तिसरी, आठवड्यातून एक संध्याकाळ एखाद्या अनुभवी रेडिऑलॉजिस्टने शिकाऊ डॉक्टरांची चित्रे तपासावीत. त्याचे मानधन ठरवून द्यावे, फुकट मागू नये. चौथी, एक वही ठेवावी; डॉक्टरला काय दिसले आणि मोठ्या दवाखान्यात नंतर काय निघाले, हे तीत समोरासमोर लिहावे. वर्षाअखेर ती वही वाचली म्हणजे कोण काय शिकला हे आपोआप कळेल. या चार गोष्टी सिद्ध झाल्यावर, कायदेशीर नोंदणी करून, पाचव्या क्रमांकावर यंत्र घ्यावे. त्यावर नाव अवश्य कोरावे.

शेवटी कुटुंबांसाठी दोन शब्द. आपल्या शहरात रोगी कन्नड बोलतो, घरी मराठी किंवा कोंकणी बोलतो, औषधाच्या दुकानात हिंदी बोलतो. डॉक्टरने काय पाहिले आणि काय पाहिले नाही हे रोग्याला कळणाऱ्या भाषेत सांगणे, हाही शिक्षणाचा भाग आहे, आणि ते विचारून घेणे हा आपला हक्क आहे. ‘डॉक्टर, आपण नक्की काय शोधत होता? पूर्ण तपासणी पुढे करायची का?’ एवढे दोन प्रश्न विचारावेत. डॉक्टर म्हणाला की ‘मला खात्री नाही, मोठ्या दवाखान्यात दाखवा’, तर त्याला कमी समजू नये. ते वाक्य म्हणायला शिकणे हाच या विद्येतला अवघड धडा आहे. आणि एक प्रश्न कोणीही, कोणत्याही नात्याच्या अधिकाराने, खुणेनेसुद्धा विचारू नये. गर्भवती सुनेला घेऊन गेलेल्या सासूबाईंनी एवढेच विचारावे की बाळ-बाळंतीण सुखरूप राहतील ना.

सभासदांनी या सूचनांचा पुढील वार्षिक सभेत विचार करावा, त्यांत भर घालावी, चुकत असेल तेथे दुरुस्त कराव्यात, अशी विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.